जुन्या नावाचा सर्व्हर

“मॅडम, जिल्ह्याचं नाव बदललं, बाहेरचा बोर्ड बदलला, शिक्के बदलले, लेटरहेड बदललं. तुमच्या सर्व्हरवर अजून अहमदनगर कसं?”

केबिनमध्ये बोलावून साहेबांनी पहिला प्रश्न हाच टाकला. मी तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयात कंत्राटी सिस्टिम इंजिनिअर. सर्व्हर बंद पडला की शिव्या खायच्या. चालू असला की मी ऑफिसात आहे हेच कुणाच्या लक्षात नसतं.

हा सर्व्हर काय, ते आधी सांगते. पूर्वी आमचं एका मोठ्या सोशल मीडिया कंपनीवर पेज होतं. कुणाला काय दाखवायचं ते कंपनी ठरवायची. ‘धरणातून पाणी सोडणार, नदीतल्या मोटारी काढून घ्या’ ही आमची सूचना लोकांना दोन दिवसांनी दिसायची, वाढदिवसाचे केक मात्र लगेच. म्हणून आम्ही स्वतःचा छोटा सोशल मीडिया सर्व्हर उभा केला. कंपनीकडे आपण भाडेकरू, इथं घर आपलं. अशी घरं जगभर आहेत आणि ती एकमेकांशी बोलतात. लोकांनी त्यातल्या कुठल्याही घरात खातं काढावं, आम्हाला फॉलो करावं, सूचना तडक मोबाईलवर.

प्रवरेकाठची गावं जोडायला मी चावडीवर, मशिदीबाहेर, डेअरीवर फिरले. सगळ्यात आधी जोडले गेले ते युनूसभाई. त्यांचा ऊस नदीतल्या मोटारीवर. “टिंग वाजलं की मोटार वर,” एवढंच त्यांना कळलं होतं आणि तेवढं पुरेसं होतं.

अडचण अशी, की या घराची ओळख म्हणजे त्याचं डोमेन, इंटरनेटवरचा पत्ता. तो खोडून दुसरा लिहिता येत नाही. नव्या पत्त्यावर नवं घर बांधायचं आणि जुन्या दारावर ‘आम्ही तिकडे राहायला गेलो’ अशी पाटी लावून ते काही महिने उघडं ठेवायचं. मग फॉलोअर आपोआप नव्या घरी येतात.

“म्हणजे तोवर जुनं नाव दिसणार?” साहेब म्हणाले. “वरून विचारणा झाली तर उत्तर तुम्ही देणार? आजच बंद करा.”

“सर, फॉलोअर तिथंच अडकतील. नव्या घरी कुणीच नसेल.”

“अहो, नुसतं नाव बदलायचंय! रंगाऱ्यानं अर्ध्या दिवसात बोर्ड केला.”

पालथ्या घड्यावर पाणी. जुना सर्व्हर बंद केला, नवा सुरू केला. साहेबांनी नव्या नावाच्या स्क्रीनचा फोटो वर पाठवला, शाबासकीही आली.

आणि पावसाळ्यात धरण भरलं. सूचना टाकली. ती वाचायला नव्या घरात साहेब, मी आणि साहेबांचा ड्रायव्हर. मी सरपंच, पोलीस पाटील, जमेल त्यांना फोन लावत सुटले. पण फोन करून सगळा नदीकाठ कसा पुरा होणार?

दुसऱ्या दिवशी युनूसभाई आले. गुडघ्यापर्यंत चिखल.

“मॅडम, मोटार गेली. पायपासकट.”

साहेब हळूच मला म्हणाले, “सांगा ना, सर्व्हर डाऊन होता.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “डाऊन नव्हता सर. आपण केला,” मी मोठ्यानंच म्हणाले.

युनूसभाई भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आपला मोबाईल माझ्यापुढं धरला. “ह्यात काय बिघाड झालाय का बघा. तुमचं ऑफिस हाय ह्यात, पर लई दिस झालं, बोलतच न्हाई.”

साहेब फायलीत बघायला लागले. मला रागानं रडू येत होतं.

जुना सर्व्हर मी बंद केला होता, पुसला नव्हता. कुणाला न विचारता तो चालू केला, दारावर पाटी लावली. फॉलोअर एकेक करून नव्या घरी यायला लागले. नदीचं पाणी अजून वाढणार होतं, म्हणून सूचना पुन्हा टाकली. बाकावर बसलेल्या युनूसभाईंच्या हातात टिंग वाजलं. त्यांनी सावकाश वाचलं, “नदीतल्या मोटारी काढून घ्या.”

मग माझ्याकडं बघून म्हणाले, “आता कुठली काढू, मॅडम?”

नाव बदलायला अर्धा दिवस लागतो. ते लोकांपर्यंत पोचायला किती वेळ लागतो, हे रंगाऱ्याला विचारू नये.