एकट्यापुरता पीळ

आमच्या घरात 'पीळ' हा शब्द पूर्वी दोनच वेळा निघायचा. एक, मी धुण्याला नीट पीळ देत नाही म्हणून सासूबाई कुरकुरायच्या तेव्हा. आणि दुसरा, ह्यांच्या स्वभावाचा विषय निघाला की. सुंभ जळाला तरी पीळ जायचा नाही, असं ह्यांच्या सख्ख्या बहिणीनंच माझ्या लग्नात मला कानात सांगितलं होतं. मला वाटलं, नवरीची चेष्टा करतेय. चेष्टा कसली, सावध करत होती बिचारी.

तिसरा पीळ घरात आला तो विमानाबरोबर.

हे ओझरला विमानांच्या कारखान्यात होते. जन्मभर विमानं जुळवली आणि ती उडवली दुसऱ्यांनी. ते ह्यांना फार लागायचं. चाळिशी उलटल्यावर हट्टानं विमान चालवायला शिकले, परवाना काढला, आणि रिटायर झाल्यावर कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबच्या कोपऱ्यातलं एक जुनं विमान घेऊन आले. लाकडी सांगाडा, पंखांना कापड, वरून सगळं उघडं. एकामागे एक दोन खुर्च्या. लोक रिटायर झाले की चारधाम करतात, आमच्याकडे धामच ट्रकात घालून आलं. त्यात कबुतरांची घरटी होती.

निफाडकडे ह्यांच्या ओळखीच्या एका द्राक्षबागायतदाराची मातीची धावपट्टी आहे, हौसेनं केलेली. तिथल्या शेडमध्ये ते विमान ठेवलं आणि हे तिथलेच झाले. सकाळी डबा घेऊन जायचे ते दिवेलागणीला यायचे, अंगाला वॉर्निशचा वास. मी घरी शिवणाचे क्लास घ्यायचे, त्यामुळे पंखांचं कापड शिवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. हौसेनं शिवलं मी ते, खोटं कशाला बोलू. ह्यांच्या तोंडून 'बरं झालंय' एवढं ऐकायला मला वर्षं लागायची, त्या शिवणीला मात्र लगेच म्हणाले.

सगळं झालं आणि घोडं अडलं पुढच्या पंख्यापाशी. प्रोपेलरला आम्ही घरात पंखाच म्हणायचो. जुना तडकला होता. नवा लाकडी पंखा परदेशातून कोरून मागवायचा होता, आणि तो कोरायच्या आधी त्यांना सांगावं लागतं की पात्याला पीळ किती द्यायचा. इंग्रजीत त्याला पिच म्हणतात. स्क्रू एका फेऱ्यात लाकडात जेवढा आत जातो, तसा पंखा एका फेऱ्यात हवेत जेवढा पुढे जाईल, तेवढे इंच. पीळ कमी ठेवला तर विमान लवकर जमीन सोडतं, कसारा घाटात दुसऱ्या गिअरवर गाडी जोर लावून चढते तसं. पण वर गेल्यावर त्याला वेग नाही. पीळ जास्त दिला की वर सुसाट जातं, पण उठायला कुथतं, आणि ओझं असलं तर फारच. मधे काही करता येत नाही, लाकूड एकदा कोरलं की कोरलं. माझ्यासारख्या शिवणाच्या बाईला हे समजलं, म्हणजे कठीण नसावं.

एके दिवशी जेवताना ह्यांनी सांगितलं, जुन्यापेक्षा चार इंच जास्तीचा पीळ मागवायचा.

मी विचारलं, "ओझं किती धरलंत?"

"माझं. आणि पेट्रोलचं."

"आणि दुसरी खुर्ची?"

"दुसऱ्या खुर्चीत कोण बसणारे?" मान वर न करता म्हणाले, भाकरी मोडता मोडता.

मी बसणार नाही असं कधी म्हटलं नव्हतं. मला कुणी विचारलंच नव्हतं. नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या, पण बोलले ते वेगळंच. म्हटलं, "अहो, ब्लाऊज शिवताना आम्ही शिवणीत माया सोडतो. दोन बोटं कापड आत जास्तीचं. उद्या बाई जाड झाली, बाळंतीण झाली, तर उसवून सैल करता येतं. तुम्हीही थोडी माया सोडा की."

"पंख्याला माया नसते," हे म्हणाले. आणि ताक मागितलं.

ह्यांचे एक दोस्त आहेत, जुन्या नाशकातले. कारखान्यातली ओळख, पण ते नंतर विमान शिकवायच्या कामाला लागले. मी त्यांना भाई म्हणते, ते मला भाभी. चांगला भरभक्कम माणूस, आमच्याकडे आले की पुरणपोळ्यांचा डबा बरोबर न्यायचे. तेही म्हणाले, "अरे बाबा, दोन माणसांचा धर. कल किसने देखा?" हे म्हणाले, "मला वर जाऊन तरंगायचं नाही. मला जायचंय." नामपूर, सटाणा, पार सातपुड्यापर्यंत एकट्यानं जाऊन यायचे बेत होते ह्यांचे. इंग्रजी माझं बरं, म्हणून पंखेवाल्यांना मेल मीच लिहायचे. त्यांनी विचारलं होतं, नेहमी किती माणसं बसणार. मी लिहिलं, एक.

पंखा यायला सव्वा वर्ष लागलं. तेवढ्यात डोळ्यांनी डाव साधला.

परवान्यासाठी दर वेळी तब्येत तपासून घ्यावी लागते. त्या वेळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी ह्यांना तिथेच बसवून ठेवलं आणि मला आत बोलावलं. काचबिंदू. दोन्ही डोळे. कडेकडेचं दिसायचं कधीच बंद झालं होतं, मधलं तेवढं उरलं होतं, आणि ह्या माणसानं कुणाला सांगितलं नव्हतं. मी म्हणायचे, अहो दाराला का धडकता, तर माझ्यावरच खेकसायचे की दार अर्धं उघडं का ठेवतेस. गेलेली नजर परत येत नाही, डॉक्टर म्हणाल्या. उरलेली किती टिकेल, तेही सांगता येत नाही. एकट्यानं विमान चालवायचं विसरा.

पंखा आला तो त्यानंतर. लांबलचक खोकं, आत भुसा, आणि त्यात तांबूस, गुळगुळीत, काठाला पितळ लावलेला पंखा. इतका देखणा की मला त्याचा रागच आला. हे त्याच्यावरून बोटं फिरवत बसले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. दुःखानं कमी, संतापानं जास्त.

भाई म्हणाले, "त्यात काय? मी मागे बसून चालवतो, तू पुढे बस. सगळं बघ." एवढीच गोष्ट उरली होती आता. नजर आहे तोवर एकदा ह्यांना आपल्या विमानातून वर न्यायचं. माझी खाली उभं राहायची जागासुद्धा ह्यांनी ठरवून टाकली होती. शेडच्या कडेला, चिंचेपाशी. लाल साडी नेस म्हणाले, म्हणजे वरून मला सापडशील.

मे महिना. उजाडता उजाडता गेलो तरी हवा तापलेलीच. दोघं बसले, मी लाल साडी नेसून चिंचेपाशी उभी. विमान निघालं. निघालं, पळत राहिलं, पळतच राहिलं. इंजिनाचा आवाज चढतच नव्हता, दमेकरी माणसासारखा एका जागी घुटमळत होता. शेपूट उचललं, चाकं काही जमीन सोडेनात. टोकाला बाभळी आहेत आणि त्यांच्यामागे विजेच्या तारा. भाईंनी इंजिन बंद केलं तेव्हा बाभळी अगदी तोंडाशी आल्या होत्या.

मग आम्ही काय काय केलं, ते आठवलं की आता हसूही येत नाही. टाकीत घोटभर पेट्रोल ठेवलं. खुर्च्यांच्या गाद्या काढल्या. भाईंनी भात सोडला, पोळ्यांचा डबा न्यायचा सोडला, ईदला स्वतःच्या घरचा शीरखुर्मा तोंडाला लावला नाही, असं त्यांच्या बायकोनं मला फोनवर सांगितलं. पुन्हा गेले, पुन्हा बाभळींपाशी थांबले. भाई एकटे बसले की तेच विमान पाखरासारखं उठायचं. हे खाली माझ्याजवळ उभे राहून ऐकायचे. एकदा एवढंच म्हणाले, "एका माणसाचाच पीळ आहे तो. हिशोब बरोबर होता माझा."

मी म्हटलं, "हो, बरोबर होता." दुसरं काय म्हणणार?

भाई म्हणाले, थंडीपर्यंत थांबू. थंडीत हवा जड असते, इंजिनालाही जोर येतो, पंखांनाही. निफाडची थंडी म्हणजे काय, पहाटे द्राक्षाच्या बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. तोवर थांबायचं. पण थंडीची वाट बघणं म्हणजे नजरेलाही तितकं थांब म्हणणं, आणि ती कुणाचं ऐकते?

ते पावसाळ्याचे महिने कुणाच्या वाट्याला येऊ नयेत असे. हे खिडकीशी बसून एक डोळा झाकून समोरच्या बिल्डिंगचे मजले मोजायचे. रोज. आधी वरचा मजला गेला. मग गॅलरीतले कपडे गेले. मी थेंब घालायचे, वेळा पाळायचे, देवाशी भांडायचे. देवाशी भांडून थकले की ह्यांच्याशी. एका दुपारी मी सरळ म्हणाले, "तुम्ही आयुष्यभर एकट्याचंच ओझं धरलंत, म्हणून ही वेळ आली." बोलून चुकले असं मला वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. हे पुन्हा एक डोळा झाकून मजले मोजायला लागले. दिवाळीला मी रांगोळी काढली, हे तिच्यावरून चालत आले आणि त्यांना कळलंही नाही. मी पुसून टाकली आणि पुन्हा काढली नाही.

जानेवारीत कडाका पडला. भाईंचा फोन आला, "भाभी, उद्या." मी म्हटलं, "भाई, आता काय उपयोग? ह्यांना उजेड आणि अंधार, एवढंच कळतं." ते म्हणाले, "तरी नेतो."

सकाळी मी लाल साडी नेसले. ह्यांना स्वेटर, मफलर, कानटोपी घातली, हाताला धरून विमानापाशी नेलं. पायरीवर पाय मीच ठेवून दिला. पट्टा मात्र त्यांनी स्वतः बांधला. मग मी चिंचेपाशी जाऊन उभी राहिले. हातपाय गारठले होते.

विमान पळालं. आवाज ह्या वेळी जरा मोकळा होता. अर्ध्या पट्टीवर चाकं उचलली, पुन्हा टेकली, पुन्हा उचलली, आणि मग टेकली नाहीत. बाभळींच्या वरून, तारांच्या वरून गेलं. मी तोंडात पदर धरला होता. उठलं हो. एवढे महिने जे मागितलं होतं ते समोर घडत होतं.

एक चक्कर मारून ते जरा खालून आले आणि शेडवरून जाताना भाईंनी पंख हलवले, ठरल्याप्रमाणे. पुढच्या खुर्चीत हे हात उंच करून हलवत होते. जोरजोरात. तोंड पलीकडच्या बाजूला करून, रिकाम्या शेताकडे. मी अलीकडे होते, चिंचेपाशी, लाल साडीत. मीही हात हलवला.

उतरल्यावर तेच आपणहून म्हणाले. "चाकांचा खडखडाट थांबला, तेवढं कळलं. मग वारा." कानटोपी काढत म्हणाले, "तुला दिसावा म्हणून हात केला. बघितलास ना?"

"बघितला. माझ्याकडेच होता," मी म्हटलं.

भाई पाठ फिरवून पंख्यावरची धूळ पुसत होते. पुसण्यासारखी धूळ नव्हती त्याच्यावर.

संध्याकाळी घरी चहा झाला. हे सोफ्यावर बसले होते, बोटं हवेत फिरवत, पात्याचा पीळ चाचपावा तशी. म्हणाले, "मेल लिही."

"कुणाला?"

"पंखेवाल्यांना. आवाजावरून सांगतो, चार इंच कमी पाहिजे होता. दुसरा मागवू या. ह्या वेळी दोन माणसांचं ओझं धर."

मी फोन हातात घेतला. "दुसरं वजन कुणाचं सांगू? भाईंचं?"

"त्याचं कशाला? तुझं सांग," हे म्हणाले. "तूच म्हणाली होतीस ना, थोडी माया सोडा म्हणून."

खुर्च्या दोनच आहेत त्या विमानात. एकीत हे बसणार, एकीत मी. चालवणाऱ्याला तिसरी खुर्ची नाही. ह्यांच्या हे ध्यानात आलं नसेल असं नाही, जन्म विमानांत गेलाय. मी विचारलं नाही. किती माणसं बसणार, त्याच्यापुढे मी लिहिलं, दोन. ह्यांचं वजन घातलं, त्याखाली माझं घातलं, आणि मेल पाठवून दिला.