पिंजरे कुठं लावायचे

बाई गं, जरा जवळ सरक आणि कान इकडं कर. फोनवर "मावशी, बरी आहेस ना" एवढं विचारलं की तुझं काम संपतं. इकडं काय काय होऊन गेलं याचा तुला पत्ता नाही. म्हणून लिहून काढते. वाचताना मी शेजारीच बसलेय असं समज.

दिवाळीनंतर सुनेनं घरामागं उसाची रोपवाटिका घातली. सून माधवनगरची, माहेरी असताना ऊस तिनं बघितला तो रसाच्या गाड्यावर. मुलगा फौजेत, लांब. घरात बसून काय करू, म्हणून कुठं कुठं जाऊन शिकली, हिरवी जाळी बांधली आणि ट्रेमध्ये एकेका डोळ्याची कांडी लावली. तो पहिला लॉट उंदरांनी संपवला. डोळा तेवढा कुरतडायचा, बाकी कांडी तशीच. डोळा गेल्यावर कोंब कुठनं यायचा? दुसऱ्या लॉटच्याही दोन ओळी गेल्या, तेव्हा तिला फोनवर तिच्या आईशी बोलताना मी ऐकलं. मुद्दाम नाही गं, घागर घेऊन चालले होते. म्हणत होती, "हा पण गेला तर मी तिकडंच येते. मला नाही जमत हे." मला त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही.

तुझे काकाही फौजेतलेच. रिटायर होऊन जमाना झाला, पण चालणं अजून कवायतीचं. त्यांनी सांगलीहून सहा पिंजरे आणले आणि बांधावर दहा-दहा पावलांवर एका ओळीत मांडले. बांधावर बिळं लय, म्हणजे शत्रू तिकडनंच येणार, असा त्यांचा हिशोब. तीन दिवसांत सापडलं काय, तर शेजारणीचं मांजर. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग काका विष घालायचं म्हणाले. मी म्हटलं, नको, कोंबड्या फिरतात, ते मांजर फिरतं.

मला माझ्या वडिलांची रीत आठवली. भुईमुगाच्या रानात ते संध्याकाळी सगळी बिळं चिखलानं बुजवायचे. सकाळी जे उघडलेलं दिसेल तिथंच राबता, बाकीची नुसती रिकामी घरं. मी आणि सुनेनं पाटीभर चिखल केला आणि बांध सगळा बुजवला. मी परत फिरले, तर ती म्हणाली, जाळीच्या कडेनंही बुजवूया. बरं म्हटलं.

सकाळी बघतो तर बांधावरचं एकही बीळ उघडलं नव्हतं. उघडी होती चार, आणि तीही जाळीला लागून, चुलीसाठी थापलेल्या माझ्या शेणींच्या राशीच्या बुडाशी. ताजी माती बाहेर लोटलेली, आणि राशीपासून जाळीपर्यंत चार बोटं रुंद, गुळगुळीत वाट. आता ती रास तिथं कुणी रचली? मीच. जाळी बांधताना सून म्हणाली होती, आई, रास थोडी सरकवूया का. तर मी म्हटलं होतं, चुलीपासून लांब नेऊन मला चालायला लावतेस होय.

मी तिच्याकडं बघितलं, ती खाली बघत होती.

"तुला ठाऊक होतं व्हय गं?"

"वाटत होतं. पण रास तुमची. कसं बोलायचं?"

"अगं, शेणींची रास हाय ती, देवघर न्हाई."

तेव्हा ती हसली. चिखलाचा हात तोंडावर धरून हसली. किती दिवसांनी हसली असेल.

रास लगेच हलवली नाही. हलवली असती तर उंदीर रानभर पांगले असते. पिंजरे त्या वाटेवरच ठेवले, तोंडं राशीकडं करून. आत भाकरीचा तुकडा आणि भाजलेले शेंगदाणे. पण दोन दिवस खटका लावायचा नाही, येऊन खाऊन जाऊ द्यायचं, म्हणजे भीड चेपते. काका म्हणाले, उंदरांचा पाहुणचार चाललाय काय. तिसऱ्या दिवशी खटका लावला. सकाळी सहातले पाच पिंजरे भरलेले. काका ते घेऊन ओढ्याकडं गेले. पुढचं मी विचारलं नाही, तूही विचारू नकोस. आठवडाभर असंच चाललं. मग ओळीनं तीन दिवस पिंजरे रिकामे राहिले, तेव्हा आम्ही दोघींनी रास उचलून चिंचेखाली नेली. आता शेणी आणायला मला रोज चालावं लागतं. गुडघे कुरकुरतात, कुरकुरू देत.

तो लॉट वाचला. सून अजून माधवनगरला जाते, पण रविवारी, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येते. ट्रेला पाणी घालायचं असतं ना. तिकडं जाऊनही मला दोनदा फोन करते, जाळी नीट लावली का म्हणून.

रोपं वीतभर झालीत. पुढच्या आठवड्यात लोक न्यायला येतील, मग बघायला राहील काय, रिकामे ट्रे? त्याआधी ये. सून स्वतः फिरून दाखवेल, मी मधे बोललेलं तिला चालत नाही. मुक्कामालाच ये गं, आणि लवकर ये.