गाडीखाली अंथरलेली पत्रकं

मी फौजेत सहा वर्षं होतो. ट्रेड व्हेईकल मेकॅनिक, रँक क्राफ्ट्समन. रेंज सोडली तर गोळी एकदाही झाडली नाही. हे आधीच सांगतो, कारण फौजी म्हटलं की लोक बॉर्डरच्या गोष्टी मागतात. माझी बॉर्डर म्हणजे ट्रकचं पोट. मी त्याच्याखाली पाठीवर पडलेला.

पहिली पोस्टिंग उत्तरेत, बर्फाच्या रस्त्यावरच्या एका वर्कशॉपला. तिथं हवालदार गुंजाळ होते. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. सकाळी साडेपाचला फर्स्ट परेड, ती माणसांची नव्हे, गाड्यांची. संध्याकाळी प्रत्येक गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवायचा आणि सकाळी तो ओढून वाचायचा. वाचायचा, हा उस्तादांचाच शब्द. काळा जाड डाग इंजिन ऑइलचा. हिरवं पाणी कूलंटचं. पिवळसर, पातळ आणि बुळबुळीत असेल तर ते ब्रेकचं. ती गाडी गेटबाहेर जायची नाही.

एकदा मी छाती फुगवून रिपोर्ट दिला, "उस्ताद, गिअरबॉक्स लीक है."

"टपका गिअरबॉक्स के नीचे गिरा. निकला कहाँ से?"

मी पुन्हा गिअरबॉक्सकडंच बोट दाखवलं.

"पहले पोंछ. फिर देख."

मी पुसलं. गळती दोन हात पुढं आणि एक हात वर निघाली. तेल लोखंडावरून वाहत येतं आणि जिथं धार सापडेल तिथं टपकतं. उस्ताद हसले नाहीत. चहा मात्र त्यांनी पाजला.

पुढं डाव्या पायाची बोटं बर्फात गेली. मेडिकल बोर्डानं घरी पाठवलं आणि मी माझ्या गावी, आर्णीला परतलो. गुलाबी बोंडअळीची ती वर्षं. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, आणि माणसं त्या वर गेलेल्या झाडांवर औषध मारत होती. उघड्या अंगानं, उघड्या तोंडानं. विकणारा विकून मोकळा, मालक पंप देऊन मोकळा. मजूर पडला की सगळे म्हणणार, पिऊन होता. माझं डोकं फिरलं. आम्ही पाच जणांनी पत्रक छापलं. एका बाजूला आठ कलमं, दुसरी बाजू कोरी. ते मी गावोगाव वाटत हिंडलो आणि चावडीवर भाषणं ठोकली.

त्या दिवशी मी पांढरकवड्याकडच्या एका गावात होतो. दुपारी दोनला तिथले शेतकरी नामदेवभाऊ धावत आले. त्यांच्या वावरात मारोती फवारत होता, तो पडला होता. मारोती कोलाम, चाळिशीचा, अंगानं काटक. तोंडातून लाळ, अंग घामानं डबडबलेलं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. नामदेवभाऊंनी स्वतःची जुनी डिझेल गाडी काढली. मारोतीला आम्ही मागच्या सीटवर कुशीवर निजवलं. त्याची बायको भिमाबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. दोन वाजून दहा मिनिटांनी निघालो. हॉस्पिटल तीस किलोमीटरवर.

गाडीत मी काय केलं ते लपवत नाही. मी नामदेवभाऊंना झापत होतो.

"हातमोजे दिलते का तुम्ही त्याले? मास्क?"

"चूक झाली, फौजी."

"चूक नाही भाऊ, गुन्हा हाय!"

मागून भिमाबाई म्हणाली, "भांडण मंग करजा जी. गाडी पाहा, धूर निघून राह्यला."

धूर नव्हता, वाफ होती. टेंपरेचरचा काटा लाल पट्टीत. दोन पस्तीसला गाडी बाजूला घेतली. बॉनेट उघडलं, रेडिएटरच्या झाकणाला हात लावू दिला नाही. फोनवर कळलं, दुसरी गाडी यायला तास लागेल. मारोतीजवळ तास नव्हता.

नामदेवभाऊ खाली वाकले. "तेल गळलं! मिस्त्रीनं मांगच्या महिन्यातच सांगतलं होतं, इंजन गेलं मनून."

खाली मातीत सगळंच काळं दिसत होतं. पुठ्ठा नव्हता. माझ्याजवळ पत्रकांचा गठ्ठा होता. तीन पत्रकं कोरी बाजू वर करून अंथरली, एक पुढं, एक मधे, एक मागं. पाच मिनिटं थांबलो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब पाच मिनिटं.

मधल्या कागदावर एक काळा टपका. जुनं, जाड तेल. ते महिनाभर आणखी गळलं असतं तरी चाललं असतं. पुढच्या कागदावर हिरवं पाणी, रेडिएटरच्या कोपऱ्याखाली.

"रेडिएटर फुटला," नामदेवभाऊ म्हणाले.

टपका कुठं पडला ते मला दिसत होतं. मी दुपट्टा काढला आणि रेडिएटरची ती बाजू, त्यावरचा पाइप, सगळं कोरडं पुसलं. इंजिन अर्धा मिनिट चालू करायला लावलं. वरच्या रबरी होजच्या टोकाला, क्लॅम्पच्या अगदी खाली, केसाएवढी चीर. तिथून बारीक फवारा उडत होता आणि कडेनं वाहत खाली कोपऱ्यात टपकत होता. रेडिएटर ठणठणीत होता. होज लांब होता. चिरलेलं टोक कापायचं, पुन्हा बसवायचं, आवळायचं. पण आधी इंजिन निवायला हवं. वीस मिनिटं तरी.

मी खालचं ओलं पत्रक ओढून काढलं. कागद भिजल्यामुळं पलीकडची छपाई या बाजूला उमटली होती. उलटं करून पाहिलं. कलम चार, माझ्याच हातचं. "विषबाधा झालेल्याचे कपडे आधी काढा. साबणानं अंग धुवा."

माझ्या हातांना औषधाचा उग्र वास येत होता. मारोतीला उचलतानाच लागला असणार. मी मागचं दार उघडून त्याची पाठ पाहिली. शर्ट मानेपासून कमरेपर्यंत ओला. मी तो घाम समजलो होतो.

"भिमाबाई, याचा पंप गळत होता का?"

"दोन दिवसांपासून. चिंधी बांधली होती त्यानं."

विष अजून त्याच्या अंगावर होतं आणि आत जात होतं. मी पंचवीस मिनिटं भाषण देत बसलो होतो.

रस्त्यापलीकडच्या चार घरांच्या टोल्यावर हापशी होती. पत्रकांच्या गठ्ठ्याच्या प्लॅस्टिक पिशव्या मी आणि नामदेवभाऊंनी हातात चढवल्या. मारोतीला हापशीखाली नेऊन त्याचा शर्ट गाडीतल्या विळ्यानं कापून काढला. भिमाबाईनं एका घरातून साबण आणला. तिलाही हात आणि मांडी धुवायला लावलं. नामदेवभाऊ मारोतीची पाठ चोळत होते, पाच एकराचा मालक, रडत. "मारोती, डोये उघड रे बाप्पा." मी हापशी मारत राहिलो.

तीन वाजून पाच मिनिटांनी होजचं टोक दोन बोटं कापलं, बसवलं, क्लॅम्प आवळला. नामदेवभाऊ जवळच्या वावरातल्या ड्रमातून बादली भरून आणत होते. मी ती तिथंच ठेवायला लावली. तो फवारणीचा ड्रम. त्याची वाफ गाडीत नको होती. हापशीचं पाणी भरलं. इंजिन चालू केलं, एक पत्रक खाली टाकलं, एक मिनिट मोजलं. कोरं.

चार वाजायच्या आत मारोती हॉस्पिटलात होता. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "अंग कोणी धुतलं?" मी रस्त्यात काय झालं ते सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं गाडी बंद पडली."

मारोती अकराव्या दिवशी घरी आला.

आता आम्ही चावडीवर भाषण कमी करतो. सकाळी वावरात जातो. पंपात साधं पाणी भरायचं, दांडा मारून दाब द्यायचा, पंप कोऱ्या पत्रकावर ठेवायचा आणि चहा प्यायचा. कागद ओला झाला तर तो पंप त्या दिवशी कुणाच्या पाठीवर चढत नाही. नामदेवभाऊंनी दोन नवे पंप आणले, हातमोजे आणले. मजूर पडला तर गळती वर कुठं आहे ते विचारायचं मी सोडलेलं नाही. विकणाऱ्यांना विचारतो, सरकारला विचारतो, उत्तर मिळेपर्यंत विचारीन. पण आधी पुसतो, मग पाहतो.

मारोतीनं एकदा विचारलं, "हे तुले शिकवलं कोनं?"

मी सांगितलं. हवालदार गुंजाळ. मी मिलिटरी हॉस्पिटलात पाय घेऊन पडलो होतो, तेव्हा ते एक अडकलेला ट्रक काढत होते. वरून दगड आले. उस्ताद गाडीखाली होते. मला त्यांचे आभार मानायचे राहिले.

दुसऱ्या सकाळी मारोतीनं पंप उचलला, खालचं पत्रक उजेडात धरून दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं आणि म्हणाला, "कोरा हाय, उस्ताद."

तो माझ्याकडं नाही, वर आभाळाकडं पाहत होता.