एमिलिया मावशीची माळ

सोमवारी सकाळी दफनभूमीचं फाटक वाजलं की रोझारिओ हातातलं फावडं खाली ठेवायचा. तीस वर्षं कबरी खणणारा हा माणूस मेलेल्यांना कधी भ्याला नाही; त्याला भीती होती ती एका जिवंत बाईची. फ्लेविया यायची, भिंतीतल्या कोनाड्यासमोर मेणबत्ती लावायची, आईच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायची आणि जाताना त्याच्या हातात फुग्यांचा, म्हणजे तळलेल्या गोल पावांचा, डबा ठेवायची. त्या कोनाड्यात तिची आई नव्हती. हे जगात एकट्या रोझारिओला ठाऊक होतं.

अंधेरीत जिवंतांना जागा मिळत नाही, तिथे मेलेल्यांना कुठून मिळणार? दोन-तीन वर्षांनी कबर उघडायची आणि हाडं गोळा करायची. घरचे आले तर ती कोनाड्यात ठेवायची, कुणीच नसेल तर कोपऱ्यातल्या, हाडांसाठीच्या कोरड्या सामायिक विहिरीत सोडायची. गेल्या फेब्रुवारीत रोझारिओनं एकाच दिवशी दोन कबरी उघडल्या. एक फ्लेवियाच्या आईची, एमिलियाची. दुसरी एका बेवारस खलाशाची. हाडांच्या गोणीला नावाची चिठ्ठी बांधायचा नेम होता. पण ‘कुठली गोणी कुणाची, हे मला कळत नाही का,’ या तोऱ्यात त्यानं ती बांधली नाही. आठवड्यानं विहिरीवरची रिकामी गोणी झटकली, तर तिच्यातून काळ्या मण्यांची जपमाळ पडली. एक मणी हरवला होता आणि त्याच्या जागी शर्टाचं पांढरं बटण ओवलेलं होतं. एमिलियाच्या हातात ठेवून पुरलेली ती माळ अख्खं गावठाण ओळखत होतं.

रोझारिओ तिथेच मटकन खाली बसला. कारण एमिलिया मावशी म्हणजे कुणी परकी बाई नव्हती. तरुणपणी तो एकदा दारू पिऊन झोपून राहिला होता. अंत्ययात्रा दारात आली आणि कबर खणलेलीच नव्हती. तेव्हाच्या पाद्रीबाबांनी त्याला हाकलून दिलं. मावशीनं पायात चपला सरकवल्या, त्याचं मनगट धरलं आणि थेट पाद्रीबाबांसमोर नेऊन उभं केलं. हा पुन्हा चुकला तर मला विचारा, म्हणाली. त्या दिवसापासून त्यानं दारूला हात लावला नाही. आणि त्याच मावशीला त्यानं बेवारसांत टाकलं होतं.

त्यानं पापनिवेदन केलं. फादर क्लिफर्डनी शांतपणे ऐकून घेतलं.

"देवानं क्षमा केली, रोझारिओ. ख्रिस्तानं तुला सोडवलंय. मग दर सोमवारी स्वतःला परत कोंडून का घेतोस? फ्लेवियाला सांग."

फादरांना बोलायला काय जातंय! नोकरी जाणार होती, फाटकाजवळची खोली जाणार होती, आणि फ्लेविया पुन्हा कधी त्याचं तोंड बघणार नव्हती. फादर पापनिवेदनातलं बाहेर काढू शकत नाहीत, म्हणजे बोलायचं ते त्यालाच. असे आठ महिने गेले. नोव्हेंबर आला. दोन तारखेला, सर्व मृतांच्या दिवशी, कोनाड्यावर एमिलियाच्या नावाची संगमरवरी पाटी बसणार होती. एकदा पाटी बसली की आपलं खोटं दगडात कोरलं जाणार, या विचारानं त्याला राहवेना.

आदल्या दुपारी तो फ्लेवियाच्या घरी गेला. ती ओटीवर पाटी पुसत बसली होती. त्यानं खिशातून माळ काढून पाटीवर ठेवली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

फ्लेवियाची बोटं माळेवरून फिरत बटणापाशी थांबली.

"मग मी इतके महिने कुणासमोर रडत होते?"

"एका खलाशासमोर. त्याचं कुणी नव्हतं."

"आणि तू माझ्या हातचे फुगे खात राहिलास."

तो खाली मान घालून हो म्हणाला. आता चर्चमध्ये जाऊन सगळ्यांसमोर कबूल करतो आणि खोली सोडतो, एवढं कसंबसं बोलून तो वळला. फ्लेवियाचे डोळे वाहत होते, पण तिनं ते पुसले नाहीत. तो पायरी उतरला, तेव्हा मागून तिचा आवाज आला.

"माझा राग जाईल की नाही, मला ठाऊक नाही. पण तिथं एकटा जाऊ नकोस. थांब, चपला घालते."