चहा मीच दिला होता

तुमच्या अंगणात आजवर किती परक्या लेकींची लग्नं लागली, सांगता येईल तुम्हाला?

घाईनं उत्तर देऊ नका. अंगणच नसेल तर प्रश्न सोडून द्या. मीही आता तुमच्यातलीच आहे. वसमतमधल्या एका अपार्टमेंटच्या दुसऱ्या मजल्यावर राहते. खालच्या पार्किंगमध्ये पांढऱ्या रंगानं आखलेला एक चौकोन आमचा आहे. आमच्याकडं गाडी नाही, त्यामुळं शेजारची मुलं तिथं सायकली लावतात. आमची जमीन म्हणाल तर तेवढीच.

या उन्हाळ्यापर्यंत आम्हाला अंगण होतं. आजोबांनी तो प्लॉट घेतला तेव्हा तिकडं बाभळी होत्या आणि कुणी राहायला येत नव्हतं, म्हणून जागा ऐसपैस मिळाली. पुढं आमचीच माणसं तिथं येत गेली, मोंढ्यात, म्हणजे धान्य-हळदीच्या बाजारात हमाली करणारी, हळद निवडणारी, कुणी शिपाई, कुणी मास्तर. भिंतीला भिंत लावून घरं उठली. गल्लीत मोकळी जागा आमच्याच फाटकाच्या आत उरली. मग नामकरण असो, साखरपुडा असो, लग्न असो, आमच्याच अंगणात. बाबांनी घरावर स्लॅब टाकला त्या वर्षी अंगणात फरशी केली आणि फरशीत लोखंडी नळ्या पुरल्या, मांडवाचे खांब उभे करायला. एरवी त्या नळ्यांच्या तोंडावर जुन्या डब्यांची झाकणं असायची. लहानपणी मी त्यांना ठेचकाळून कितीदा पडले असेन.

हे अंगण मागायची एक रीत होती. तोंडानं मागायचं नाही. ज्या घरी लग्न ठरलं त्या घरची बाई एखाद्या सकाळी खराटा घेऊन यायची आणि आमचं अंगण झाडून काढायची. झाडून झालं की माय तिला चहा द्यायची. बस. बाईनं झाडलं म्हणजे मागितलं, मायनं चहा दिला म्हणजे दिलं. आमच्या आज्या-पणज्यांना दुसऱ्यांच्या दारात उभं राहून इतकं मागावं लागलं होतं, की आपल्या माणसाला तरी मागायला लावायचं नाही, असं आजोबांनी ठरवलं असावं. हा माझा अंदाज. घरात कधी कुणी तसं बोललं नाही.

आता माझ्याबद्दल. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. बाबा एस.टी.त कंडक्टर होते. ड्युटी संपली की खांद्याच्या पिशवीतून सभेची, मोर्चाची, शिबिराची पत्रकं निघायची, गुलाबी, पिवळी, हिरवी. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. कॉलेजात गेल्यावर स्वतः लिहायला लागले. मजूर नेणाऱ्या मुकादमांविरुद्ध लिहिलं: तोंडी शब्दावर जाऊ नका, लेखी घ्या. आणि एक पत्रक लग्नांवर लिहिलं. आयुष्यभराची कमाई हॉलवाल्याच्या घशात का घालता? लग्न दारात लावा, मान ताठ ठेवा. हे दुसरं पत्रक गल्लीत गाजलं. समोरच्या मावशीनं ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. मावशी मोंढ्यात हळद निवडते. तिला वाचता येत नाही, पण तिच्या मुलीनं ते तिला इतक्यांदा वाचून दाखवलं होतं की तिचं पाठ झालं होतं.

घर विकायचं मी ठरवलं. यात मला लाज नाही. बाबांचे गुडघे गेले होते. ओट्याच्या पायऱ्या उंच, संडास अंगणाच्या पार टोकाला. पावसाळ्यात ते दोनदा घसरून पडले. नांदेडला ऑपरेशन करायचं ठरलं तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं, की इथून पुढं लिफ्ट असेल तिथं राहा. माय म्हणाली, "लेकीला कळते. ती करील ते बराबर." घर बाबांच्या नावावर होतं, पण बोलणी सगळी माझ्यावर सोपवलेली.

पहिली दोन गिऱ्हाइकं आली, अंगण पाहून खूश झाली. बदामाच्या झाडाखाली उभं राहून वर स्लॅबकडं पाहिलं. मग बाहेर येऊन गल्लीत एक नजर टाकली, आणि विचारलं, "ही वस्ती कुणाची?" मी सांगितलं. दोघांचेही फोन परत आले नाहीत. हे तुम्हाला नवीन वाटत असेल तर तुम्ही नशीबवान आहात. मला नवीन नव्हतं, तरी दुसऱ्या वेळी मी रात्रभर चरफडत होते.

माय-बाबा नांदेडला दवाखान्यात होते तेव्हाची गोष्ट. सकाळी मी दात घासत बाहेर आले, तर समोरची मावशी आमच्या अंगणात बदामाची पानं गोळा करत होती.

"मावशी, काहून तकलीफ घेऊन राहिलीस? मी झाडलं असतं की."

"तुझं झाडणं म्हायीत हाय मला," ती खराटा न थांबवता म्हणाली. "पत्रकं वाटतीस तसाच कचरा वाटतीस. हितं थोडा, तिथं थोडा."

मी हसले. आत जाऊन चहा ठेवला. ती ओट्यावर बसून बशीतून चहा प्याली. तिच्या मुलीला डोंगरकडा गावचं स्थळ जमलं होतं. "पावणे म्हणले, हॉल पायजे. मी म्हणलं, आमच्या गल्लीच्या पोरीनं छापलंय, हॉल न्हाई. शिकलेली पोरगी लिहिती ते काय खोटं आसतंय? मग बसले गप."

कप तिनं स्वतःच विसळून ठेवला आणि गेली. काय झालं ते मला कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले, पण कळलं होतं.

त्याच आठवड्यात तिसरं गिऱ्हाईक आलं. खताच्या दुकानाचे मालक, साधा माणूस. घर पाहिलं, पाण्याचं विचारलं, वस्ती विचारली नाही. मी वाट पाहत राहिले, तरी विचारली नाही. शेवटी म्हणाले, "एकच अट हाय ताई. पावसाच्या आत अंगणात पाया काढायचा हाय. ताबा महिनाअखेर पायजे."

तेव्हा मी एक वाक्य बोलायला हवं होतं. गल्लीत एका मुलीचं लग्न आहे, तेवढं अंगणात होऊ द्या. बोलले नाही. भीती वाटली, की एक अट घातली तर हाही माणूस बाहेर जाऊन गल्लीत नजर टाकेल. त्यानं जात विचारली नाही याचे मला उपकार वाटले. ज्या गोष्टीसाठी उपकार वाटणं हाच अपमान आहे, असं मी स्वतः पुढच्या दोन पत्रकांत लिहिलं होतं, ती गोष्ट. आणि मी म्हणाले, "चालेल."

मनाची समजूत घालायलाही मला माझंच लिखाण सापडलं. तोंडी शब्दाला काय अर्थ? आणि इथं तर तोंडानंही कुणी काही बोललं नव्हतं. अंगण झाडलं, चहा दिला, एवढंच. मुकादमासाठी लिहिलेलं वाक्य मी मावशीवर वापरलं.

सामान हललं. माय-बाबांना नांदेडहून थेट फ्लॅटवर आणलं. लिफ्टमध्ये बाबा लहान मुलासारखे हसले. माय पहिल्या सकाळी झाडू घेऊन दाराबाहेर गेली आणि परत आली. "भाईर काही न्हाईच झाडायला," म्हणाली. मी म्हटलं, आराम कर आता. तिला आराम मिळावा म्हणूनच तर हे सगळं, असं मला खरंच वाटत होतं.

मग एका दुपारी वॉचमननं खालून फोन केला, कुणी बाई आल्यात. मावशी वर आली. सोफ्यावर बस म्हटलं तरी खालीच बसली. पिवळ्या बोटांनी पिशवीतून पत्रिका काढून मायच्या हातात दिली.

"ऐतवारी हाय. आन् किल्ली दे माय फाटकाची. मी आठ दिस पत्रिका वाटीत भाईरगावी व्हते, येऊन बघते तर त्या दुकानवाल्यानं फाटकाला पत्रा ठोकून कुलूप घातलंय. मांडववाला उद्या येऊन राहिला."

माय पत्रिका हातात धरून बसली होती. "घर तर इकलं, बाई."

"इकलं ते म्हायीत हाय की. टेम्पो भरायला मीच हात लावला. पण माझं बोलणं आधीचं हाय. तुमी नांदेडला व्हता तवा झाडून गेले मी."

मायनं माझ्याकडं पाहिलं. आवाज अजिबात चढवला नाही.

"तू चहा दिला व्हतास?"

"दिला होता."

"मंग तू शब्द दिलास," ती म्हणाली, आणि चपला शोधायला उठली.

आम्ही तिघी त्या दुकानात गेलो. खताच्या पोत्यांमध्ये उभं राहून मायनंच सगळं सांगितलं. मालकांनी ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "ताई," ते माझ्याकडं वळून म्हणाले, "एक फोन करायचा ना मला. लग्नाचं मला काय वावडं हाय? महिनाभर थांबलो असतो. आता तर खड्डे घेतले."

ते खडूस निघाले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी लगेच किल्ली दिली. फाटक उघडलं तर फरशी उखडलेली आणि अंगणभर पायाचे खड्डे. बदाम तेवढा त्यांनी ठेवला होता. भिंतीला टेकवून बाबांनी पुरलेल्या नळ्या उभ्या होत्या, माती लागलेल्या. मावशीनं आत पाऊल टाकलं नाही. फाटकातूनच पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. पत्रिका डोंगरकड्याला पोचल्या होत्या. त्यांच्यावर ठिकाण छापलेलं होतं. ऐन लग्नसराईत हॉल मिळणं शक्य नव्हतं, आणि मिळाला असता तरी कोणत्या तोंडानं घेणार होती ती?

मी अपार्टमेंटच्या सेक्रेटरीला पार्किंग मागून पाहिलं. ते नम्रपणे म्हणाले, "मॅडम, भाईरच्यांना एकदा दिलं की मग सगळ्यांना द्यावं लागतं." सगळ्यांना देणाऱ्या घरातून मी महिन्यापूर्वीच बाहेर पडले होते. घरी आले. बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "नळ्या सरळ निघाल्या का? खोल पुरल्या व्हत्या मी."

शेवटी लग्न रस्त्यात लागलं. आमच्या जुन्या फाटकासमोर, गल्लीच्या सिमेंट रोडवर. रविवारी सकाळी मायनं मला बरोबर नेलं आणि म्हणाली, "झाड." फ्लॅटमधला मऊ झाडू त्या रोडवर काही कामाचा नव्हता आणि आमचा खराटा आम्ही टाकून आलो होतो. मला तिसऱ्या घरी जाऊन खराटा मागावा लागला. सगळी गल्ली पाहत होती. मी फाटकापासून मावशीच्या उंबऱ्यापर्यंत झाडत गेले. मावशी दारात आली. तिनं मायला हाताला धरून आत नेलं, बसवलं, बशीत चहा ओतून दिला. मला दिला नाही. रागानं नव्हे. तिचं माझ्याकडं लक्षच गेलं नाही बहुतेक, आणि गेलं असेल तर न देण्याचा तिला हक्क होता.

सिमेंटात खांब रोवता येईनात, तेव्हा पोरांनी तेलाचे डबे आणून त्यांत वाळू भरली आणि खांब त्यांत उभे केले. वाळू खतवाल्यांच्या ढिगातली. लाईट त्यांच्याच मीटरवरून. नवरदेवाचा काका मांडवाकडं बघत म्हणाला, "दारात म्हणून सांगितलं व्हतं, हे तर रस्त्यात निघालं की!"

"रस्ता आमच्या दारातच हाय," मावशी म्हणाली. पावणे हसले. ती हसली नाही.

पंचशील चालू असतानाच वारा सुटला आणि कोपऱ्याचा खांब डब्यासकट कलायला लागला. मुलीचा मामा भाचीच्या मागं उभा होता. तो धावला, खांब मिठीत धरला, आणि लग्न लागून फुलं पडेपर्यंत तिथंच उभा राहिला, पाठमोरा. लग्नाच्या फोटोंत मुलीच्या मागं जागा रिकामी आहे. मी ते फोटो पाहिलेत. मुलीनंच मोबाईलवर पाठवले, खाली लिहिलं होतं, "ताई, छान झालं ना?"

जाताना मावशीनं मायला पुरणाचा डबा बांधून दिला, आणि मला म्हणाली, "येत जा गं." जसं पावण्यांना म्हणतात तसं.

घर विकलं हे मला आजही चुकीचं वाटत नाही. बाबा आता धरून का होईना चालतात, लिफ्टनं खाली जाऊन वर येतात. पण मी आमचं घर विकायला गेले आणि त्याबरोबर मावशीचं अंगणही विकून आले. ते विकायचा अधिकार मला नव्हता. मी ते पत्रक लिहिलं तेव्हा दार म्हणजे कुणाचं दार, हे लिहायचं राहून गेलं होतं. ज्यांना दारापुढं हातभर जागा नाही त्यांना मी मान ताठ ठेवा म्हणून सांगितलं, ते आमच्या अंगणाच्या भरवशावर.

त्या गल्लीत येत्या लग्नसराईला आणखी मुलींची लग्नं आहेत. त्यांच्यासाठी आता कुणाचंच अंगण नाही. म्हणून तुम्हाला एक काम सांगते. तुमच्या घराला अंगण असेल तर उद्या सकाळी शेजारच्या बिनअंगणाच्या घरी जा आणि तुमच्याकडं लग्न निघालं तर आमचं फाटक उघडं आहे, असं सांगून या. त्यांना मागायला लावू नका. आणि घर विकायला काढलं असेल, तर सौद्याला बसायच्या आधी फाटकाबाहेर उभं राहून गल्लीला मोठ्यानं विचारा: आमच्याकडं कुणाचा शब्द बाकी आहे का? उत्तर येईपर्यंत गिऱ्हाइकाला थांबवा.