लाल पानांची काडी

थियान सुयिंगची बाग लाल व्हायला लागली की शहरातली माणसं गाड्या घेऊन आमच्या गावात येत. नवऱ्या मुली पांढरे झगे सावरत तिच्या वेलींच्या ओळीत उभ्या राहत, फोटोवाला जमिनीवर आडवा होऊन फोटो काढी, आणि सुयिंग बांधावर कमरेवर हात ठेवून ओरडे, "झग्यानं घड झाडू नका गं माझे! लग्न तुमचं, नुकसान माझं!" पण दुसऱ्या कुणाच्या बागेत अशी गर्दी झालेली तिला खपली नसती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

बाईची जीभ कात्रीसारखी होती. तरुणपणी ती दक्षिणेच्या डोंगरातून इथं आली तेव्हा हलान डोंगराच्या पायथ्याशी नुसते गोटे होते. वारा सुटला की तोंडात भातापेक्षा वाळू जास्त जायची. सरकारनं जमीन दिली, कालव्याचं पाणी दिलं आणि सांगितलं, द्राक्षं लावा, दारूची. तिच्या नवऱ्यानं पहिल्यांदा ती लाल दारू चाखली आणि थुंकली. "हा व्हिनेगर प्यायला लोक पैसे देतात?" पुढे गावातले म्हातारे तीत लिंबाचं गोड सरबत घालून प्यायला लागले, आणि वाइनरीचे साहेब ते बघून कपाळाला हात लावायचे.

सुयिंगला मात्र वेलीचा लळा लागला. इथली थंडी अशी की उघडी वेल जगतच नाही. हिवाळ्याच्या तोंडावर छाटणी करून प्रत्येक वेल जमिनीशी वाकवायची, मातीत पुरायची आणि वसंतात पुन्हा उकरून काढायची. पुरुष वाकवायला गेले की खोड कडकन मोडायचं. सुयिंग आधी गुडघा टेकायची, खोडाला हात लावून थोडं थांबायची, मग दाबायची. नवरा गेला, मुलगा यिनछ्वान शहरात हॉटेलात नोकरीला लागला, तरी तिनं बाग सोडली नाही.

तिची धाकटी बहीण लायदी इथं आली ती बऱ्याच वर्षांनी. लायदी म्हणजे 'भाऊ घेऊन ये'. बापाला मुलगा हवा होता, म्हणून मुलीला हे नाव. भाऊ आला खरा, पण वर्षाच्या आत गेला, आणि घरानं खापर फोडलं ते त्या चिमुरडीवर. पांढऱ्या पायाची, म्हणाले. पुढे तिचा नवरा कोळशाच्या खाणीत गाडला गेला तेव्हा सासरचेही तेच म्हणाले. असं बोलणं एकदा चिकटलं की सुटत नाही. मान्मान नावाच्या आपल्या लेकीचा हात धरून लायदी आमच्या गावी उतरली तेव्हा ती कुणाच्या घरात शिरतानासुद्धा उंबऱ्याशी क्षणभर थांबायची, आत येऊ की नको म्हणून.

"ये की आत, बाहेर काय पाहुण्यासारखी उभी!" सुयिंग खेकसली, आणि तिनं बहिणीला पोटाशी धरलं.

लायदीला सरकारकडून मिळालेला जमिनीचा तुकडा रिकामा होता. त्या वर्षी छाटणीआधीच सुयिंग आपल्या बागेत हिंडली, सगळ्यांत लालभडक वेली निवडल्या आणि त्यांना सुतळी बांधून ठेवली. पुढे त्यांच्याच काड्या कापून, जुड्या बांधून, हिवाळाभर वाळूत जपल्या. बहिणीला देताना हातचं राखायचं नाही, हा एकच विचार. आमच्याकडे लाल म्हणजे शुभ: नववर्षाला दारावर चिकटवायचे कागद लाल, नवरीची गोधडी लाल, पहिल्या वाढदिवसाचं अंडं लाल. काही ओळींची पानं पिवळी पडून गळायची, त्यांच्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. सख्ख्या बहिणीला पिवळी काडी कोण देईल?

वेली रुजल्या. तिसऱ्या वर्षी घड लागले, पण गोडी भरेना. वाइनरीचा माणूस गोडी मोजायच्या काचेवर रसाचा थेंब टाकून ती डोळ्याला लावायचा आणि मान हलवायचा. चौथ्या वर्षी तेच, पाचव्या वर्षीही तेच. लायदी पहाटेपासून राबायची, शेणखत पाठीवर वाहायची, आणि मान्मान बांधावर बसून धडे म्हणायची.

"जमीन हलकी आहे का गं, ताई?"

"नाचता येईना अंगण वाकडं! पाणी जास्त देतेस, छाटणीला हात भितो तुझा. मी दिलेली काडी ती, माझ्या घरची!"

लायदी मान खाली घालून पुन्हा कामाला लागायची. एका वर्षी वाइनरीनं तिचा सगळा माल परत पाठवला आणि तो गाढवांना घालावा लागला. त्या दिवशी सुयिंग रागाच्या भरात बोलून गेली, "तुझ्या हाताखाली काही लागतच नाही बघ." बोलली आणि जेवायला बसली. तिच्या लेखी विषय तिथंच संपला.

लायदीच्या लेखी संपला नाही. त्याच हिवाळ्यात तिनं मान्मानला लानचोउ शहरात धाकट्या दिराकडे कायमचं देऊन टाकलं. त्या नवराबायकोला मूल नव्हतं. "माझ्या हाताखाली काही वाढत नाही, ताई," परत आल्यावर ती म्हणाली. "पोर तरी वाढू दे."

"बरं केलंस. तिथं शाळा चांगली आहे," सुयिंग म्हणाली.

यालाही बरीच वर्षं लोटली. गेल्या शरदात वाइनरीनं कृषी विद्यापीठातल्या एका मुलीला, यान शूला, पानं तपासायला पाठवलं. अहवाल आला तेव्हा यान शू सुयिंगच्या अंगणात चहाची वाटी दोन्ही हातांत धरून नुसती बसून राहिली.

"बोल की पोरी, चहा निवतोय."

"मावशी, तुमच्या ज्या ओळी लाल होतात, त्या आजारी आहेत. पानाच्या कडा खाली वळतात ना, तो रोगच आहे. निरोगी वेल पिवळी पडते."

"फोटो काढायला येतात त्या ओळी?"

"त्याच. औषध नाही. गोडी भरत नाही; तुमचा माल पिवळ्या ओळींच्या मालात मिसळायचा म्हणून कळलं नाही. उपटून जाळाव्या लागतील. तुमच्या बहिणीची तर सगळीच बाग."

सुयिंगनं हातातली वाटी खाली ठेवली. मग विचारलं, "हा रोग येतो कुठून?"

"काडीतून. आईवेल आजारी, तर काडी आजारी. मग कितीही मेहनत करा."

यान शू गेल्यावर सुयिंग चुलीपुढे बसून राहिली. गप्प बसली असती तरी चाललं असतं. ट्रॅक्टर आला असता, वेली उपटल्या असत्या, आणि हेही आपल्या नशिबी म्हणून लायदीनं मान खाली घातली असती. पण हेही नशीब म्हणून ती आपल्या हातांकडे बघेल, ते सुयिंगला सोसवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी ती बहिणीच्या घरी गेली. लायदी नूडल्ससाठी कणीक मळत होती.

"रोग होता," सुयिंग उभ्या उभ्याच म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. मी दिलेल्या काड्यांतच होता. मी लाल बघून निवडल्या."

लायदीचे हात परातीत थांबले. "म्हणजे पाणी?"

"पाणी बरोबर होतं."

"छाटणी?"

"तीही. माझ्यापेक्षा चांगली."

"म्हणजे माझा हात..."

"तुझ्या हाताला काही झालं नव्हतं गं. माझ्या जिभेला झालं होतं."

सुयिंगला वाटलं होतं, ती चिडेल, परात फेकेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. लायदी हसली. पिठाचे हात उलटेसुलटे करून बघत, लहान मुलीसारखी हसली. "काहीच झालं नव्हतं," ती पुन्हा म्हणाली. आणि मग एकदम तिचा चेहरा पडला.

"मग मान्मानला मी का दिली, ताई?"

 सुयिंग उंबऱ्यावर बसली आणि रडू लागली. आयुष्यात तिला रडताना कुणी पाहिलं नव्हतं. लायदीनं तिच्याकडे पाहिलंही नाही. हात झटकले, खिशातून फोन काढला, आणि पीठ लागलेल्या बोटानं मान्मानचा नंबर लावला. पलीकडचा आवाज खोलीभर आला, तरुण, घाईतला.

"हॅलो, काकू? या वेळी कसा काय फोन? तब्येत बरी आहे ना?"

लायदीनं फोन दोन्ही हातांत धरला. 

"बरी आहे गं," ती म्हणाली. "आमच्या वेली उपटणार आहेत. रोग होता म्हणे त्यांना, आधीपासूनच. तेवढंच सांगायचं होतं तुला."

"अरेरे. काकू, मी रात्री करू का फोन? आई खाली थांबलीय माझ्यासाठी."

"जा, जा," लायदी म्हणाली. "आईला ताटकळत ठेवू नकोस."