न मोडणारं टेबल

माझा धाकटा भाऊ सुतार. घरात त्याला सगळे गुण्या म्हणतात, कारण सुताराच्या गुण्यासारखा तो कायम काटकोनात. वाकवायला गेलात तर तुमचाच हात दुखेल. मी कॉलेजात गेले, तो वडिलांच्या हाताखाली. दोघांत कामाचं कोण शिकलं, ते उघड आहे.

येशूवरच्या सिनेमाचं शूटिंग जवळच होणार म्हटल्यावर स्वारी हरखली. येशूही सुतारच, म्हणजे धंद्यातला माणूस! सिनेमावाले दुकानात येऊन टेबल सांगून गेले. येशू देवळात शिरतो आणि व्यापाऱ्यांची टेबलं उलथून टाकतो, त्या प्रसंगासाठी. अट एकच, पडल्याबरोबर तुकडे झाले पाहिजेत.

"म्हणजे वाईट करायचं?" गुण्यानं विचारलं.

"वाईट नाही हो मिस्त्री. जरा कच्चं."

चाळीस वर्षांत त्यानं कच्चं म्हणून काही केलं नव्हतं. तरी बसला. टेबलाचा पाय सैल ठेवायचा, संध्याकाळी हात शिवशिवायचे, परत घट्ट करायचा. इकडे भावजयीनं गल्लीभर करून टाकलं, "आमच्या ह्यांचं टेबल पडद्यावर येणार!" आता ते दिसलं नसतं, तर तिला नळावर जायची सोय राहिली नसती.

शूटिंगहून गुण्या आला तो गप्प. "झालं," म्हणाला आणि धार असलेल्या पटाशीला पुन्हा धार लावत बसला. अशा वेळी त्याला विचारू नये.

सिनेमा लागला. आम्ही घरचे नऊ जण एका रांगेत, मागे शेजारचा शिंपी, त्याची आई आणि अर्धी गल्ली.

सिनेमा कसला, शिक्षाच. येशू प्रत्येक शब्दाआधी आभाळाकडे बघायचा. बंद खोलीतसुद्धा त्याचे केस वाऱ्यावर उडायचे. ज्याच्यामागे माणसं घरदार सोडून गेली, तो इतका कंटाळवाणा असेल? सुतारकाम अर्ध्या मिनिटात उरकलं. फळीवरून रंधा असा फिरवला, जणू मांजरच कुरवाळतोय.

"ताई, हात बघ त्याचे," गुण्या कुजबुजला. "इतकी वर्षं सुतारकाम केलं म्हणे, आणि एक घट्टा नाही!"

मग देऊळ आलं. भावजय खुर्चीच्या टोकाला. येशूनं नुसतं बोट लावलं आणि टेबलाच्या खोक्यासारख्या चिरफळ्या उडाल्या.

"आलं, आलं! तेच ना हो आपलं?" भावजय टाळ्या पिटायला लागली. मागून शिंपी म्हणाला, "मिस्त्री, माझं कपाटही तुम्हीच केलंय ना? त्यात आई कपडे ठेवते हो, जपून!" सगळे खिदळले.

गुण्यानं नुसती मान हलवायची होती. बायकोची अब्रू राहिली असती. तो उभा राहिला.

"ते माझं नाही!"

"खाली बसा!" लोक ओरडले.

"माझं तीनदा उलथलं, तीनदा अख्खं राहिलं. त्या हिरोच्या पायाचा अंगठा सुजला. मग त्यांनी हे खोकं आणलं. माझं दुकानात ताडपत्रीखाली आहे, कुणीही बघून जा!"

पडद्यावर येशू आभाळाकडे बघत होता, पण आमची गल्ली गुण्याकडे. भावजयीचा चेहरा एवढासा झाला. घरी पोचताच दारात ती माझ्यावर उसळली, "बघा वन्सं, तुमचा भाऊ! जरा हो म्हणाला असता, तर काय झिजला असता?"

"कपाटाची गिऱ्हाइकं गेली असती," मी म्हटलं. "आणि तो हो म्हणाला असता, तर तू तरी खरं मानलं असतंस?"

ती फणकाऱ्यानं आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानावरून गेले, तर शिंपी आईला टेबल दाखवायला घेऊन आलेला. टेबलावर मधोमध भावजय उभी, पदर खोचून, दुकानाचा पंखा पुसत.

"चढा ना तुम्हीही," ती म्हातारीला म्हणत होती. "दोघींना घेईल."